साखळी धरून पाहिलेला हंगाम

अमेरिकेतल्या हायस्कूल फुटबॉलच्या सामन्यात बाजूच्या रेषेवर चार माणसं उभी असतात. दोघांच्या हातात केशरी काठ्या, त्या काठ्यांना तळाशी जोडलेली बरोबर दहा यार्डांची साखळी, तिसऱ्याकडे एक ते चार आकडे दाखवणारा खांब आणि चौथ्याकडे साखळीला लावायची क्लिप. ही चेन क्रू. पंच बाहेरून येतात, पण ही माणसं यजमान शाळेची असतात. बहुतेक ठिकाणी पालक, नाहीतर शाळेचे जुने विद्यार्थी. मुलगा अकरावीत गेला त्या वर्षी त्याच्या शाळेच्या एका काठीवाल्याने गुडघेदुखीमुळे काम सोडलं आणि त्याची काठी माझ्याकडे आली.

नियम असा आहे की साखळी प्रेस बॉक्सच्या समोरच्या बाजूला चालवायची. प्रेस बॉक्स, म्हणजे पत्रकारांची आणि निवेदकांची खोली, असते यजमानांच्या स्टँडवर. त्यामुळे आमच्याच मैदानावर, आमच्याच शाळेचं काम करताना मी उभा असायचो तो पाहुण्या संघाच्या बाकांपुढे, त्यांच्या प्रशिक्षकांपासून हाताच्या अंतरावर. घरच्या मैदानावर आम्ही जिंकलो ते मी हरणाऱ्यांच्या घोळक्यात उभं राहून पाहिलं आणि हरलो ते जिंकणाऱ्यांच्या. हा हंगाम माझ्या मनात इतका घट्ट बसला तो त्यामुळेच, आणि म्हणून लिहितो आहे.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. हा पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. चेंडू लांबट, दोन्ही टोकांना निमुळता. अकरा विरुद्ध अकरा. ज्यांच्याकडे चेंडू आहे त्यांनी चार प्रयत्नांत दहा यार्ड, म्हणजे नऊ मीटरपेक्षा थोडंसं जास्त, पुढे जायचं. एकेका प्रयत्नाला डाऊन म्हणतात. दहा यार्ड गाठले की पुन्हा चार डाऊन मिळतात. नाही गाठले तर चेंडू समोरच्यांचा. असं करत शंभर यार्डांच्या मैदानाची शेवटची रेषा ओलांडली की टचडाऊन, सहा गुण. एवढं कळलं की सामना पाहता येतो. साखळी कशासाठी हेही यातच आलं: पुढची काठी जिथे आहे तिथपर्यंत पोचायचं असतं.

आम्ही राहतो ते राज्य ओहायो. इथे या खेळाची मुळं फार खोल गेलेली आहेत. एनएफएलची, म्हणजे देशाच्या व्यावसायिक फुटबॉल लीगची, स्थापना 1920 मध्ये इथल्याच कँटन गावात झाली, व्यावसायिक फुटबॉलचं हॉल ऑफ फेमही तिथेच आहे. शेजारच्या मॅसिलॉनमध्ये मुलगा जन्माला आला की इस्पितळातच त्याच्या पाळण्यात छोटा फुटबॉल ठेवायची प्रथा होती आणि मॅसिलॉन विरुद्ध कँटन मॅकिन्ली हा शाळांचा सामना 1894 पासून चालत आला आहे. देशभर दहा लाखांहून जास्त मुलं हायस्कूलमध्ये हा खेळ खेळतात. त्यांच्यासाठी शुक्रवारची संध्याकाळ राखून ठेवलेली आहे, आणि तीही कायद्याने: 1961 च्या स्पोर्ट्स ब्रॉडकास्टिंग ॲक्टमधल्या तरतुदीमुळे सप्टेंबरच्या दुसऱ्या शुक्रवारपासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत शुक्रवारी संध्याकाळी एनएफएल आपले सामने टीव्हीवर दाखवायचं टाळतं. कोट्यवधींचा धंदा एका संध्याकाळपुरता शाळेच्या पोरांसाठी बाजूला सरकतो, याचं मला खरोखर अप्रूप वाटतं.

आमचा मुलगा ऑफेन्सिव्ह लाइनमध्ये, म्हणजे चेंडू असलेल्या संघाच्या पुढच्या फळीत खेळतो, डावा गार्ड. या लाइनमधल्या पाच जणांच्या पाठीवर 50 ते 79 मधले आकडे असतात आणि पुढे फेकलेला चेंडू झेलायची त्यांना परवानगीच नसते. त्यांचं काम एकच, समोरच्याला अंगावर घेऊन मागच्याला वाट करून द्यायची. वर्तमानपत्रात त्यांचं नाव येत नाही. त्यांचा आकडा माइकवरून पुकारला जातो तो सहसा समोरच्याला धरून ठेवलं म्हणून दहा यार्डांचा दंड झाला तेव्हा. मला ही जागा आवडते. मुलालाही आवडते, सातवीपासून त्याने दुसरी मागितलेली नाही.

ऑगस्टच्या सुरुवातीला सराव सुरू झाला. पहिले दिवस फक्त हेल्मेट, मग खांद्याचे पॅड, मग पूर्ण जामानिमा, अशा टप्प्यांनीच अंगावर सामान चढवायला परवानगी असते, कारण ऑगस्टची दमट उष्णता. मैदानाच्या कडेला बर्फाच्या पाण्याने भरलेली मोठी टाकी ठेवलेली असते. उष्माघात झाला तर मुलाला आधी तिच्यात बसवायचं आणि मग ॲम्ब्युलन्समध्ये घालायचं, हा क्रम पालकसभेत आम्हाला स्पष्ट सांगितला. कोरी स्ट्रिंगर हा ओहायोतल्याच वॉरन गावचा मुलगा, लाइनमध्येच खेळणारा, ओहायो स्टेटकडून पुढे एनएफएलमध्ये गेलेला. 1 ऑगस्ट 2001 रोजी सरावशिबिरात उष्माघाताने तो गेला, वयाच्या 27 व्या वर्षी. त्याच्या नावाची एक संस्था आज कनेटिकट विद्यापीठात याच विषयावर काम करते. लाइनमधल्या धिप्पाड मुलांना उष्णतेचा धोका सर्वांत जास्त असतो. सरावाला सोडायला गेलो की माझी नजर आधी त्या टाकीकडे जायची. भरलेली दिसली की गाडी वळवायचो.

माझं स्वतःचं शिक्षण पहिल्या घरच्या सामन्याआधी तासभर झालं. बाजूच्या रेषेवरच्या पंचाला लाइन्समन म्हणतात आणि चेन क्रू त्याच्या हाताखाली असते. साठीचे, सावकाश बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी आम्हा चौघांना एका ओळीत उभं केलं. "मी खूण केल्याशिवाय काठी हलवायची नाही. जमाव ओरडला तरी नाही, माइकवर काही सांगितलं तरी नाही. खेळ अंगावर आला तर काठी जमिनीवर टाका आणि मागे व्हा. उभ्या काठीवर पोरगं आदळलं तर फार वाईट लागतं. फोन खिशात. आणि रेषेवर आहात तोवर तुम्ही कुठल्याच शाळेचे नाही. टाळी नाही, हाळी नाही." मग माझ्याकडे वळून विचारलं, "तुमचा मुलगा खेळतोय का?" हो म्हटलं. "मग तुमचं काम जास्त अवघड," एवढंच म्हणाले आणि क्लिपवाल्याकडे गेले.

क्लिपचं काम पाहण्यासारखं असतं. साखळी लावली की क्लिपवाला मैदानावरची मागच्या काठीजवळची पाच यार्डांची पांढरी रेषा शोधतो आणि साखळीच्या त्या रेषेवर येणाऱ्या कडीला क्लिप लावतो. पुढे मोजायची वेळ आलीच, तर लाइन्समन साखळी त्या क्लिपपाशी धरून आत नेतात, क्लिप मैदानाच्या मध्यात त्याच रेषेवर टेकवतात आणि साखळी होती तशी पुन्हा मांडली जाते. काठ्या वाटेत इकडे तिकडे झाल्या तरी माप चुकत नाही. इतक्या महागड्या झालेल्या खेळात अजूनही हा निकाल एका साध्या कडीवर लागतो.

पहिला सामना बाहेरगावी होता, तो हरलो, 14–28. त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. समोरचा संघ चांगला होता. दुसरा घरी, 20–21. शेवटच्या मिनिटात आम्ही टचडाऊन केला आणि टचडाऊननंतर मिळणाऱ्या जादा प्रयत्नात एक गुणाच्या किकने बरोबरी साधण्याऐवजी दोन गुणांसाठी गेलो. ते दोन गुण मिळाले नाहीत. आमच्या प्रशिक्षकांवर पुढचा आठवडाभर गावात टीका झाली. मला तो निर्णय तेव्हाही पटला होता, आजही पटतो. आमची लाइन त्या वेळी समोरच्यांना मागे रेटत होती, आणि जिंकायची संधी हातात असताना ती घ्यायला मुलांना शिकवायचं नाही तर कधी?

तिसऱ्या आठवड्यात एका लहान गावातला संघ आमच्याकडे आला. त्यांच्याकडे मुलंच कमी. पाच-सहा जण तर हल्ला आणि बचाव दोन्हीकडे खेळत होते, बाकावर टेकायला त्यांना वेळच मिळत नव्हता. सामना शेवटपर्यंत ओढाताणीचा. आम्ही 17–13 ने पुढे, काही सेकंद उरलेले, आणि त्यांच्या क्वार्टरबॅकने, म्हणजे हल्ला चालवणाऱ्या, चेंडू फेकणाऱ्या खेळाडूने, एक लांब पास टाकला. त्यांचा एक सडपातळ मुलगा मोकळा होता. चेंडू त्याच्या दोन्ही पंजांत येऊन बसला आणि तिथून निसटला. संपला सामना.

मैदानाची रुंदी त्रेपन्न यार्ड. पलीकडून आमच्या स्टँडचा गलका उठला, बँड सुरू झाला. माझा मुलगा हेल्मेट उंचावून नाचताना मला दिसत होता. आणि माझ्या पाठीमागे मात्र चिडीचूप. तो मुलगा परत आला, हेल्मेट न काढताच बाकाच्या टोकाला बसला. हेल्मेटच्या जाळीतून टपटप पाणी गळत होतं. एक साहाय्यक प्रशिक्षक, वयाने तरुणच, त्याच्या समोर गुडघ्यावर बसला आणि म्हणाला, "ऐक. पुढच्या शुक्रवारी हीच वेळ आली तर मी चेंडू तुझ्याकडेच टाकायला सांगणार आहे. कळलं? तुझ्याकडेच." मुलाने मान हलवली नाही, काही नाही. प्रशिक्षक तसाच बसून राहिला. मी साखळी गुंडाळत होतो. तिच्या कड्या एकमेकींवर वाजू नयेत म्हणून जपून गुंडाळली.

रात्री घरी मुलगा सगळा सामना पुन्हा सांगत होता. मी त्याला त्या मुलाचं सांगितलं. तो जेवता जेवता थांबला. "बाबा, तो झेल सोपा नव्हता. त्याच्या मागे आमचा सेफ्टी धावत येत होता, त्याला पावलं ऐकू आली असणार." सेफ्टी म्हणजे बचावातला सर्वांत मागचा खेळाडू. खेळणाऱ्याला खेळणाऱ्याचं कळतं.

इथून पुढे हे सगळं एका वेगळ्याच हिशोबात अडकलं. ओहायोत नियमित हंगामाचे दहा सामने झाले की कोणते संघ प्लेऑफला, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेरीला, जाणार ते समितीत बसून ठरवत नाहीत, आकडे ठरवतात. प्लेऑफ 1972 मध्ये सुरू झाले तेव्हापासून जॅक हार्बिन यांच्या पद्धतीने गुण मोजले जातात. तुम्ही सामना जिंकलात की गुण मिळतात. समोरची शाळा मोठ्या गटातली असेल तर जास्त. पण खरी गंमत दुसऱ्या पातळीच्या गुणांत आहे: तुम्ही ज्यांना हरवलंत त्यांनी हंगामात जे जे सामने जिंकले त्यांचेही गुण तुमच्या खात्यात जमा होतात. याचा अर्थ शुक्रवारी ज्यांना पाडायला जिवाचं रान केलं, त्यांनी शनिवारपासून प्रत्येक सामना जिंकावा असं तुम्हाला मनापासून वाटायला लागतं. गुणपद्धतीवर टीका करणारे पुष्कळ आहेत, आणि कमकुवत विभागातल्या शाळांवर ती अन्याय करते हे त्यांचं म्हणणं चुकीचं नाही. तरीही हरवलेल्याशी असं नातं जोडून देणारा नियम मला तरी दुसऱ्या खेळात आढळलेला नाही. त्या लहान गावच्या संघाचा निकाल मी दर शुक्रवारी रात्री बघू लागलो. ते हळूहळू जिंकत होते.

आम्हीही जिंकायला लागलो. चौथा सामना बाहेर, तो आरामात जिंकला. पाचवा होमकमिंगचा. त्या दिवशी सगळे जुने विद्यार्थी येतात, मध्यंतरात मिरवणूक असते. त्यात आम्ही सहज सरशी केली आणि पाहुण्यांच्या प्रशिक्षकांनी उत्तरार्धात आपल्या नववीच्या मुलांना खेळायला उतरवलं. पहिल्यांदाच वरिष्ठ संघात खेळणारं एक पोर धावत मैदानात गेलं, दहा यार्ड पळालं आणि पडलं, तेव्हा त्यांचा अख्खा बाक उभा राहून ओरडला; पराभव जणू त्यांच्या डोक्यातूनच गेला होता. मी माझी काठी दहा यार्ड पुढे नेली.

सहाव्या आठवड्यात बाहेरच्या मैदानावर आमचा क्वार्टरबॅक पडला. दिसायला साधं पडणं होतं, डोकं जमिनीवर आपटलं एवढंच. उठला, चालला, पण उभं राहायच्या जागेऐवजी दोन पावलं चुकीच्या बाजूला गेला. माझ्या मुलानेच त्याला दंडाला धरून पंचांकडे वळवलं. शाळेच्या ॲथलेटिक ट्रेनरने, म्हणजे दुखापती पाहणाऱ्या बाईंनी, त्याला बाजूला नेलं, डोळे पाहिले, चार प्रश्न विचारले आणि पहिली गोष्ट केली ती ही की त्याचं हेल्मेट उचलून स्वतःच्या टेबलामागे ठेवलं. हेल्मेट नाही तर परत पळून जाता येत नाही. तो पोरगा विनवण्या करत होता, "मी बरा आहे, खरंच बरा आहे." ती त्याचं सगळं ऐकून घेत होती आणि हेल्मेटवरचा हात काढत नव्हती.

याला आता कायद्याचा आधार आहे. वॉशिंग्टन राज्याने 2009 मध्ये असा पहिला कायदा केला आणि पुढे सगळ्या राज्यांनी तो उचलला. ओहायोत तो 2013 पासून लागू आहे. मेंदूला धक्का बसल्याची शंका आली की त्या दिवशी पुन्हा खेळायचं नाही, आणि नंतरही डॉक्टरांनी लेखी दिल्याशिवाय नाही. लक्षणं पूर्ण गेल्यावर आधी हलका व्यायाम, मग धावणं, मग टक्कर नसलेला सराव, असं पायरी पायरीने परतायचं. डोकं पुन्हा दुखलं की मागच्या पायरीवर. तो सामना आम्ही हरलो. स्टँडमध्ये कुणीतरी मागून म्हणालं, "आमच्या वेळी असले लाड नव्हते." त्या मुलाची आई माझ्या पुढच्याच ओळीत होती. तिने मागे वळून पाहिलंही नाही, पायऱ्या उतरून सरळ मुलाकडे गेली. मुलाच्या डोक्याला लाड म्हणणाऱ्यांचा मला राग येतो, तेव्हाही आला.

मग सातवा सामना. घरी. क्वार्टरबॅक साध्या कपड्यांत, उन्हाचा चष्मा लावून बाकावर. त्याच्या जागी दहावीतला मुलगा. त्याचा हात अजून भरवशाचा नव्हता म्हणून आमचा सगळा खेळ धावण्यावर, म्हणजेच लाइनवर आला. पाऊस पडून गेलेला, मैदान निसरडं. चौथ्या क्वार्टरच्या शेवटी 10–14 असे आम्ही मागे, चेंडू त्यांच्या 38 यार्डांच्या रेषेजवळ, चौथा डाऊन आणि एक यार्ड हवा. वेळ इतका कमी की हा प्रयत्न फसला तर सगळं संपलं.

चेंडू डाव्या गार्डच्या मागून न्यायचा बेत होता. माझ्या जागेवरून मला मुलाची पाठ दिसत होती. हात जमिनीवर टेकलेला, चिखलाने माखलेला आकडा. चेंडू निघाला आणि दोन्ही बाजूंची दहा-बारा मुलं एकमेकांवर कोसळली. शिट्टी. पंचांनी ढीग उपसला, चेंडू जिथे होता तिथे ठेवला आणि मुख्य पंचांनी आमच्याकडे हात केला. मोजा.

लाइन्समननी क्लिपपाशी साखळी धरली आणि आम्ही आत धावलो. सगळं स्टेडियम गप्प झालं होतं. साखळीचा चिखलातून सरकतानाचा आवाज ऐकू येत होता. क्लिप रेषेवर टेकली. "ताणा," लाइन्समन म्हणाले. मी ताणली. अंपायरने माझ्या काठीवर आपला हात ठेवला, काठी सरळ केली आणि जमिनीत टेकवली. मुख्य पंच गुडघ्यावर बसले. चेंडूचं टोक आणि काठी यांच्यामध्ये दोन बोटं मावतील एवढी जागा होती. त्या फटीत हिरवं गवत आणि त्यावर पाण्याचा एक थेंब, मला स्पष्ट दिसला. पंच उठले आणि त्यांनी दोन्ही हातांमधलं छोटंसं अंतर स्टँडला दाखवलं.

मी परतलो तेव्हा माझ्याभोवती समोरच्या संघाचा जल्लोष चालला होता. कुणीतरी आनंदाच्या भरात माझ्याच पाठीवर थाप मारली. पहिला डाऊन आता त्यांचा, दिशा उलटी, म्हणून साखळी फिरवायची होती, आम्ही फिरवली. आमची ऑफेन्स मैदानाबाहेर जात होती. माझा मुलगा कमरेवर हात ठेवून तिथेच उभा होता, चेंडू होता त्या जागेकडे बघत. मग लाइनच्या मधोमध खेळणारा सेंटर आला आणि त्याला घेऊन गेला.

गाडीत तो बराच वेळ बोलला नाही. घर जवळ आल्यावर म्हणाला, "बाबा, चेन पूर्ण ताणली होतीस ना?"

"पूर्ण."

"मग ठीक आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो शाळेत जाऊन बाकी लाइनबरोबर सामन्याचं चित्रण बघत बसला. तो एक डाऊन त्यांनी पुन्हा पुन्हा पाहिला. त्याचा डावा पाय ओल्या गवतावर अर्धं पाऊल घसरला होता, तरी त्याने समोरच्याला हलवलं होतं. दुसऱ्या बाजूने आलेला लाइनबॅकर, म्हणजे बचावाच्या पहिल्या फळीमागचा खेळाडू, कुणाच्याच वाट्याला आला नव्हता. हे त्याने मला जेवणाच्या टेबलावर मीठ-मिरीच्या डब्या मांडून दाखवलं. दोष द्यायचा नव्हता त्याला. पुढच्या वेळी त्या लाइनबॅकरला कोणी घ्यायचं ते ठरलं होतं, तेवढंच सांगायचं होतं.

आठवा सामना आम्ही जिंकलो, दहावीतल्या त्याच क्वार्टरबॅकच्या हातून. नवव्यात जुना परतला, सगळ्या पायऱ्या चढून, डॉक्टरांचा कागद घेऊन. मैदानात उतरताना ट्रेनरने स्वतः त्याच्या हातात हेल्मेट दिलं. तो सामना घरचा होता आणि बारावीच्या मुलांचा शेवटचा घरचा सामना, म्हणून आधी प्रत्येक जण आईवडिलांचा हात धरून मैदानाच्या मध्यापर्यंत चालत गेला. रेषेवर उभं राहून टाळी वाजवायची नाही हा नियम सामना सुरू झाल्यावर लागतो की आधीपासून, असं मी लाइन्समनना विचारलं. ते म्हणाले, "वाजवा." सगळ्या मुलांसाठी वाजवली. तोही जिंकलो. पाच विजय, चार पराभव.

दहावा सामना शेजारच्या गावाशी, त्यांच्या मैदानावर, आणि त्यात आमची धूळधाण उडाली. 5–5 वर हंगाम संपला. प्लेऑफचं दार जवळजवळ बंद झालं होतं. गुणांचे हिशोब मांडणारे जे पालक आमच्याबरोबर थंडीत कुडकुडत होते, त्यांनी सांगितलं की अजून एकच शक्यता आहे. तिसऱ्या आठवड्यात आपण ज्यांना हरवलं ते आज जिंकले तर त्या विजयाचे गुण धरून आपण यादीच्या शेवटच्या जागेवर बसू शकतो. त्यांचा सामना अजून चालू होता.

मग पार्किंगमध्ये, गाड्यांच्या दिव्यांच्या उजेडात, आम्ही पंधरा-वीस जण त्या लहान गावच्या स्थानिक रेडिओचं प्रक्षेपण ऐकत उभे राहिलो. बसमधून उतरलेली काही मुलं येऊन मिळाली, केस ओले, खांद्यावर बॅगा. ते चार गुणांनी पुढे होते आणि समोरचा संघ पुढे सरकत होता. निवेदक त्या गावचाच, त्याचा आवाज चढत होता, आणि आम्ही त्याच्याबरोबर त्यांच्या बचावाला ओरडून धीर देत होतो. सप्टेंबरमध्ये ज्यांनी आम्हाला रडकुंडीला आणलं होतं, त्यांची नावं आमच्या मुलांना तोंडपाठ होती. शेवटचा पास त्यांनी पाडला. आमच्या मुलांनी जी आरोळी ठोकली तशी स्वतःच्या विजयालाही ठोकली नव्हती. साखळी हातात नव्हती, त्यामुळे मीही त्यांत होतो.

यादी जाहीर झाली आणि आम्ही शेवटच्या क्रमांकाने आत होतो. त्या हंगामात शेवटचा क्रमांक म्हणजे पहिल्या क्रमांकाच्या घरी जायचं होतं. तिथे काय होणार हे सगळ्यांना माहीत होतं आणि तसंच झालं. मध्यंतराला 27–0. उत्तरार्धात फरक 30 किंवा त्याहून जास्त झाला की इथे घड्याळ सहसा थांबवत नाहीत, ते चालूच राहतं, म्हणून तिसरा आणि चौथा क्वार्टर भरभर सरले. शेवटी 41–7. तो एक टचडाऊन आमच्या दहावीतल्या क्वार्टरबॅकचा, डाव्या गार्डच्या मागून, दोन यार्डांवरून. लाइनबॅकरला या वेळी सेंटरने घेतलं होतं. मुलगा त्याबद्दल परतीच्या वाटेवर तासभर बोलत होता.

सोमवारी सामान परत करायचं असतं. हेल्मेट तपासणीला जातात, पॅड धुवायला. बारावीच्या मुलांनी आपापले लॉकर रिकामे केले. आमच्या मुलाचं एक वर्ष अजून आहे. डिसेंबरच्या आधीच त्याचं वजन उचलणं सुरू झालं, पहाटे साडेपाचला.

पुढच्या वर्षीचं वेळापत्रक आलं आहे. शाळांचे करार सहसा दोन वर्षांचे असतात, एक वर्ष आमच्याकडे, एक त्यांच्याकडे. तिसरा आठवडा त्या लहान गावात आहे. चेन क्रूसाठी मी पुन्हा नाव दिलं आहे, पण त्या शुक्रवारी काठी त्यांच्या गावातल्या कुणाच्या तरी हातात असेल, आमच्या बाकांपुढे. तो झेल सुटलेला मुलगा तेव्हा अकरावीतच होता असं आमच्या सेफ्टीने शोधून काढलं आहे. म्हणजे तो असणार. सेफ्टीही असणार.